अंधारात दिसलेल्या हिरव्या काड्या



आजचा विषय आहे प्रतिदीप्ती, म्हणजेच फ्लुओरेसन्स. पण व्याख्या लिहून घेण्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट ऐका. ती मी बरीच वर्षं वर्गात सांगितली नव्हती. का, ते पुढे कळेलच.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला खोकला लागला. खडूच्या धुळीचा असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. आलं-मध झालं, हळदीचं दूध झालं. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला, ब्लाउज सैल व्हायला लागले. डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला. रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मी लगेच शाळेत रुजू झाले.

खोकला मात्र काही हटेना. असे आणखी पाच आठवडे गेले. शेवटी तालुक्याच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी बेडका दिला होता की नुसती थुंकी?" मी गप्प. खरं सांगायचं तर घाईघाईत तोंडातली थुंकीच डबीत टाकून आले होते. विज्ञान शिकवणारी बाई मी! ताईंनी समजावलं, "सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून काढा." दुसऱ्या दिवशी तसा नमुना दिला.

निकाल घ्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग या, स्वतःच बघा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं काळं. अमावास्येच्या आभाळासारखं. आणि त्या काळोखात हिरवट-पिवळ्या, लखलखणाऱ्या बारीक काड्या. एक, दोन, पाच... ते क्षयाचे जंतू होते, माझ्या छातीतले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं, किती सुंदर दिसतंय हे! आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा आला. कारण ते पाच आठवडे मी तुमच्यासारख्याच मुलांसमोर, पावसामुळे खिडक्या बंद असलेल्या वर्गात, रोज मोठ्याने शिकवत होते.

काड्या का चमकल्या?

क्षयाचा जंतू २ ते ४ मायक्रोमीटर लांबीचा असतो. एका मिलिमीटरमध्ये असे अडीचशे ते पाचशे जंतू एका रांगेत बसतील. त्याचं आवरण मेणचट असतं. काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर देऊन त्यावर ऑरामाइन नावाचं रंगद्रव्य घालतात. मग आम्लमिश्रित अल्कोहोलने धुतात. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो, पण त्या मेणचट आवरणात शिरलेला रंग निघत नाही. शेवटी पोटॅशियम परमँगनेट घालतात, त्यामुळे पार्श्वभूमी आणखी काळी पडते.

आता या पट्टीवर निळा प्रकाश टाकायचा. ऑरामाइनच्या रेणूतले इलेक्ट्रॉन ती ऊर्जा शोषून वरच्या पातळीवर जातात. तिथे ते काही नॅनोसेकंदच टिकतात, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश. तेवढ्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात जाते आणि उरलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. ऊर्जा कमी झाली, म्हणजे तरंगलांबी वाढली. म्हणून निळा प्रकाश आत गेला आणि हिरवट-पिवळा बाहेर आला. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. दिवा बंद केला की चमकही लगेच बंद. छताला चिकटवायच्या चांदण्या दिवा मालवल्यावरही चमकत राहतात, ती स्फुरदीप्ती. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात, लक्षात ठेवा!

पण खरी गंमत पुढेच आहे. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रकाश वेगवेगळ्या रंगाचा असल्यामुळे मध्ये एक फिल्टर लावून निळा प्रकाश पूर्ण अडवता येतो. डोळ्यापर्यंत फक्त जंतूचा प्रकाश पोहोचतो. चांदण्या दिवसाही आकाशात असतातच की, पण उजेडात दिसत नाहीत. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक जणू दिवसाची रात्र करतो.

याचा फायदा किती? जुन्या पद्धतीत जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल दिसतात. ते शोधायला १०० पटींची लेन्स लागते, आणि निगेटिव्ह म्हणण्याआधी किमान १०० क्षेत्रं तपासावी लागतात. चमकणारी काडी मात्र २० पटींच्या लेन्समधूनही नजरेत भरते. लेन्सची ताकद पाचपट कमी, तर एका वेळी दिसणारा भाग किती पट वाढेल? पाच गुणिले पाच, पंचवीस पट! पूर्वी यासाठी महागडा पाऱ्याचा दिवा आणि अंधारी खोली लागायची. एलईडी आल्यावर हे काम लहान प्रयोगशाळेतही होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली.

अर्थात चमकतं ते सगळं जंतू नसतं. धुळीचे कणही चमकतात, म्हणून ओळखणारी नजर तयार हवी. रंग हळूहळू फिका पडतो, म्हणून पट्टी वेळेत वाचावी लागते. आणि डबीत नुसती थुंकी असेल, तर जगातला सर्वांत चांगला सूक्ष्मदर्शक तरी काय करणार?

कुनैनपासून जेलीफिशपर्यंत

हा शोध आजचा नाही. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी कुनैनच्या द्रावणाची नळी प्रिझममधून पडलेल्या रंगपटातून सरकवत नेली. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे नळी निळी उजळली. अदृश्य अतिनील किरणांचं दृश्य प्रकाशात रूपांतर झालं होतं. फ्लुओरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनी या घटनेला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं.

पुढे ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या सजीवांत घालून दाखवलं, रॉजर त्सिएन यांनी त्याचे वेगवेगळे रंग तयार केले. त्यामुळे जिवंत पेशीत कोणतं प्रथिन कुठे आहे, ते पेशी न मारता बघता येऊ लागलं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

माझ्या बेडक्याची दुसरी चाचणीही झाली, सीबीनॅट. तिच्यात जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवतात आणि त्या जुळल्या की चमकणारे रेणू वापरतात. यंत्र ती चमक मोजून सुमारे दोन तासांत सांगतं की जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन या औषधाला तो दाद देईल का. म्हणजे इथेही प्रतिदीप्तीच! माझा जंतू औषधाला दाद देणारा निघाला. सहा महिने एकही गोळी न चुकवता घेतली आणि मी बरी झाले.

वर्गातल्या मुलांचीही विचारपूस झाली. ज्यांना खोकला होता त्यांची तपासणी झाली. कुणालाच काही निघालं नाही. पण ते निकाल येईपर्यंतच्या रात्री मी विसरलेले नाही. आजाराची लाज वाटली म्हणून नव्हे, तर त्या पाच आठवड्यांची लाज वाटली म्हणून ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगितली नाही.

घरी करून पाहा

नोटा तपासायचा छोटा अतिनील टॉर्च घ्या. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये किंवा पातळ सॅनिटायझरमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर टॉर्च मारा. हळद हिरवट-पिवळी चमकेल. आता पालकाचं पान स्पिरिटमध्ये खलून तेच करा. हिरवं द्रावण चक्क लाल दिसेल! मग नोटेवरचा क्रमांक बघा. मात्र स्पिरिट पेट घेतं, म्हणून जवळ ज्योत नको, मोठं माणूस सोबत हवं. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही.

आणि एक गृहपाठ, जो वहीत लिहायचा नाही. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. बेडका कसा द्यायचा, हे आता तुम्हाला माहीत आहे. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि खोकला थांबला नाही, तर पुन्हा जा. माझ्यासारखे पाच आठवडे घालवू नका.