मेणवलीचा घाट

वाईपासून सुमारें ३ किलोमीटरांवर कृष्णाकांठीं मेणवली गांव आहे. नाना फडणविसांनीं (१७४२–१८००) येथें वाडा बांधला व नदीला घाट घातला, हें वाचकांस विदित असेलच. घाटावर मेणेश्वराचें देवालय असून जवळच्या लहानशा दगडी मंडपांत वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा टांगलेली आहे. गेल्या माघांत आम्ही तेथें गेलों, तें चित्र काढण्याच्या हेतूनें.

कारण असें कीं, आमच्या सहधर्मचारिणीचें माहेर वाईचें. काचबिंदूनें तिची दृष्टि जाऊन चार वर्षें झालीं. परदेशीं असलेल्या नातीनें, "आजी, तुझा घाट कसा होता?" असें विचारलें, तेव्हां "मी सांगतें, तुम्ही काढा," असें आम्हांस फर्मान सुटलें.

फळ्यावर नकाशे काढण्यांत ज्याची हयात गेली, त्यास यांत अवघड तें काय! आम्हीं पायऱ्या मोजल्या, देवळाचा कळस साधला आणि बिऱ्हाडीं येऊन सर्व वर्णन करून सांगितलें. ती म्हणाली, "अहो, हा तुमचा घाट झाला. पहांटे पायांना झोंबणारा गारवा यांत कोठें आहे?"

आम्ही निरुत्तर झालों. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत स्मरणानें शकुंतलेचें चित्र काढतो. तरीहि मालिनीच्या वाळूंतील हंसांचें जोडपें, फांद्यांवर टांगलेलीं वल्कलें, काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजविणारी हरिणी हें सारें काढावयाचें राहिलें, असें तो म्हणतो. हा अंक आम्हीं कितीदां तरी शिकविला. परंतु त्यांतील मर्म त्या रात्रीं उमगलें. स्पर्श व नाद यांना रेषा नाहीं. ते ज्या वस्तूंवर आपली खूण ठेवून जातात, त्या वस्तूंना मात्र आहे.

दुसऱ्या दिवशीं तिला हात धरून घाटावर नेलें. एका पायरीवर ती थबकली. "येथें ऊन उशिरां येतें," असें म्हणून तिनें पाऊल आंखडून घेतलें. आम्हीं तेथें दाट छाया भरली व छायेंत बोटें आंखडलेलें पाऊल काढलें. ओल्या लुगड्यांचा वास तिला आठवला. तीं पायऱ्यांवर पसरलीं. घंटेवर तिनें बोटांच्या पेरांनीं टकटक केलें व कान लाविला. तो नाद कसा काढावा, हें सुचेना. अखेर मंडपावरून एकदम उडालेले पारवे काढले.

संध्याकाळीं पुन्हा वर्णन ऐकविलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "आतां धाडा."

घाईंत या खेपेस कळस किंचित् कलला आहे. तो आम्हीं तसाच ठेविला. ज्यांच्या घरीं वृद्ध मंडळी आहेत, त्यांनीं त्यांना एकदां गांवचा घाट विचारावा व हातांत पेन्सिल घेऊन बसावें. चित्रकला येत नसली तरी चालेल. ऐकण्याची तयारी मात्र हवी.