रस्त्यात कुणी विवस्त्र दिसलं तर...

"डॉक्टर, मोबाईलवर फिरलेला व्हिडिओ पुसून टाकता येतो का हो?"

समोर बसलेल्या तिशीतल्या रुग्णाने हे विचारलं आणि मला त्याच्या नजरेला नजर देता येईना. तो व्हिडिओ काढला जात होता तेव्हा मी तिथूनच गेलो होतो. (हे त्याच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पावसाळ्याच्या तोंडावरची सकाळ होती. बोईसर स्टेशनकडून मी दवाखान्याकडे निघालो होतो. एमआयडीसीत जनरल शिफ्टला जाणाऱ्यांची गर्दी. रस्त्याच्या मधोमध एक तरुण मोठमोठ्याने बोलत चालला होता, अंगावर एकही कपडा नाही. काही जण हसत होते, एकाने बाटलीतलं पाणी फेकलं, चार-पाच मोबाईल वर झाले. मी डॉक्टर असून गाडी बाजूने काढली आणि ओपीडीला वेळेवर पोचलो.

थांबली ती मासळी विकणारी एक मावशी. तिने पाटी खाली ठेवली, पिशवीतलं जुनं लुगडं काढून त्याच्या कमरेला गुंडाळलं आणि बघ्यांना म्हणाली, "कुणाचा तरी पोरगा आहे ना हा?" मग चहावाल्याने पोलिसांना फोन केला. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी त्या चहावाल्याकडूनच कळलं.

परवानगी असावी का?

सार्वजनिक ठिकाणी नग्न फिरू द्यावं का, यावर आपल्याकडे अधूनमधून जोरात वाद होतो. १९९५ साली मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्या बुटांच्या जाहिरातीवरून झाला. तो खटला वर्षानुवर्षं चालला आणि अखेर ते निर्दोष सुटले. २०२० मध्ये सोमण यांनी ५५व्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला, तेव्हा गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दुसरीकडे, त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधू स्नानाला निघतात आणि लोक हात जोडतात. दिगंबर जैन मुनींपुढे आपण वाकतो. आपल्या पालघरच्या जंगलपट्टीत लंगोटीवर शेतात राबणारे आजोबा आणि बंदरावर कमरेला नुसता रुमाल बांधून होडी ओढणारे कोळी बांधव जुन्या माणसांनी रोज पाहिले आहेत. त्यात कुणाला लाज वाटली नाही. किती अंग झाकायचं, हे जागा, काम आणि श्रद्धा यांवरून ठरत आलं आहे.

डॉक्टर म्हणून मला विचाराल तर शरीरात अश्लील असं काही नाही, आणि नुसत्या नग्नतेने कुणी आजारी पडत नाही. ठरवून दिलेल्या जागी प्रौढांनी स्वखुशीने तसं राहायला माझी हरकत नाही. भरबाजारात मात्र समोरच्याला न बघण्याचा पर्याय नसतो, त्याचाही विचार हवा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ हेच बघतं: सार्वजनिक जागी अश्लील कृत्य केलं का, आणि त्याचा इतरांना उपद्रव झाला का.

पण हा सगळा वाद स्वतःहून कपडे काढणाऱ्यांचा आहे. माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बोईसर-पालघरच्या रस्त्यावर जे विवस्त्र दिसले, त्यांतल्या एकालाही हक्क मागायचा नव्हता. ते सगळे आजारी होते.

असं का होतं?

- उन्माद (मेनिया): झोप उडते, बोलणं थांबत नाही, संकोच गळून पडतो.
- स्किझोफ्रेनिया: कपड्यांत किडे आहेत, विष आहे, असा पक्का भ्रम होऊ शकतो.
- दारू एकदम सोडल्यावर दोन ते चार दिवसांत होणारा वात: थरथर, भास, घाम. यात जीवही जाऊ शकतो.
- मेंदूज्वर, जोराचा ताप, फिट येऊन गेल्यानंतरची गुंगी, साखर फार कमी होणं.
- वयस्कर माणसांतला स्मृतिभ्रंश: उकडतंय किंवा लघवीला लागलंय हे सांगता येत नाही, म्हणून ते कपडे काढतात.

या सगळ्यांवर उपचार आहेत. काहींत तर एकेक तास महत्त्वाचा असतो.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००: मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे. तिला लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो.

त्या तरुणाच्या बाबतीत हे सगळं झालं. पुढे ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार मिळाले, नंदुरबारहून भाऊ आला. आजार जुनाच होता. 'आता बरं वाटतंय' म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या, त्यात लागोपाठ नाईट शिफ्ट. झोप तुटली की हा आजार उसळतो.

तुम्ही काय कराल?

- जवळ जाणं सुरक्षित वाटत असेल तर शांतपणे बोला. चादर, टॉवेल, ओढणी, जे असेल ते द्या. ओरडू नका, बांधू नका.
- ११२ वर फोन करा. ताप, जखम, थरथर किंवा गुंगी दिसली तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.
- घरात कुणाची झोप आणि वागणं अचानक बदललं असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.
- व्हिडिओ काढू नका, आलेला पुढे पाठवू नका. अश्लील मजकूर पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

त्याच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. सायबर पोलिसांकडे तक्रार करता येईल, पण कुणाकुणाच्या फोनमध्ये तो राहिला आहे हे सांगता येणार नाही. मग मी त्याला हेही सांगितलं की त्या दिवशी मी तिथे होतो आणि थांबलो नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "त्या मावशीचं लुगडं परत द्यायचंय. त्या कुठे बसतात?"

मी त्याला जागा सांगितली, आणि कंत्राटदाराला देण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली: या कामगाराला वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये.