एचपी म्हणजे किती पाणी?



मागच्या उन्हाळ्यातली माझी चूक लिहून ठेवतो. मुळेच्या पाटाचं आवर्तन संपलं की आपला ऊस विहिरीवर. वरच्या तुकड्याला रात्रीची लाइट पुरेना, म्हणून ५ एचपीची मोटर काढून साडेसातची बसवली. पाणी वाढलं ते बोटभर. घरात विचारलं, मोटर दीडपट केली, मग पाणी कुठं गेलं? मला सांगता येईना. दहावीपर्यंत अश्वशक्ती शब्द पाठ केलेला, पण घोड्याचा न् पाण्याचा संबंध ठाऊक नव्हता.

मग शोधलं. हे माप ठरवलं जेम्स वॅटनं. त्याला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकाचं काम चालायचं घोड्यांवर. गिऱ्हाईक विचारणार, हे माझ्या किती घोड्यांचं काम करील? १७८३ मध्ये वॅटनं आकडा धरला, एक घोडा मिनिटाला ३३,००० पौंड वजन १ फूट उचलतो. साधा घोडा दिवसभर एवढा दम धरत नाही, माप जरा सढळच आहे. पैसेही तो घोड्यामागं वर्षाला इतके असे घ्यायचा. आपल्याकडं मीटर नसलेल्या पंपाला एचपीवर बिल यायचं, तसंच.

आमचा आजा विहीर फुटात सांगत नसे. 'दोन मोटंची विहीर' म्हणायचा. म्हणजे बैलानं मोजायची रीत आपलीही होतीच.

आता वॅटचा आकडा पाण्यात मांडा. १ एचपी म्हणजे सेकंदाला ७६ लिटर पाणी १ मीटर वर. ५ एचपीला ३८०. हेड ४० मीटर असेल तर ३८० भागिले ४०, साडेनऊ लिटर. हेही कागदावर, पंप स्वतः त्यातलं बरंच खातो. आणि हेड म्हणजे नुसती विहिरीची खोली नाही, पाइपातलं घर्षणही त्यात येतं. मी तिथंच फसलो. माझी लाइन दोन इंची, लांबी दीड हजार फूट. वाढवलेले अडीच घोडे पाइप घासण्यातच दमले.

यंदा तीन इंची लाइन टाकली आणि जुनी ५ ची मोटर परत बसवली. तुकडा पहाटेच्या आत भिजतो. एक मात्र बघा, लाइन मोठी केली की हेड उतरतं, पंप जास्त पाणी फेकतो आणि अँपिअर चढतात. मला व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवावा लागला.

साडेसातची शेडमध्ये पडून आहे. कोणाची विहीर खरंच तेवढी खोल असेल तर येऊन बघा.