खरे सोने कोणाचे?



दसरा होऊन गेला. सगळ्यांच्या घरी सोने लुटून झाले. पण यंदा आमच्या वर्गात सोन्यावरून मोठे भांडण झाले आणि त्यात मी हरलो. ती हकिकत मी इथे लिहीत आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी आपट्याची पाने आणायची असे ठरले होते. आमच्या घरामागे रस्त्याच्या कडेला एक झाड आहे. त्याची पाने तळहाताएवढी मोठी. मी त्यावर चढून दोन फांद्या मोडल्या आणि पिशवी भरून शाळेत नेली. माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र डोंगरावरच्या वाडीतून पायी येतो. त्याने रुमालात बांधून मूठभर पाने आणली होती. ती अगदी बारकी आणि जाडसर. मी सर्वांसमोर म्हणालो, “हे सोनं नाय, ही तर चिल्लर हाय!” सगळी पोरं हसली. तो काहीच बोलला नाही. रुमालाची गाठ मारून त्याने पाने दप्तरात ठेवून दिली.

गुरुजींनी ते ऐकले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, सोनार नुसतं बघून सांगतो का, खरं की खोटं? तो कसाला लावतो, तोलतो. तुम्ही पण मोजा. काढा फूटपट्ट्या.”

आम्ही दोन्ही ढिगांतून न निवडता दहा दहा पाने उचलली. देठापासून पानाच्या टोकापर्यंत लांबी आणि सर्वांत रुंद जागी रुंदी, अशी मापे घेतली. मुलींनी फळ्यावर बेरजा केल्या. माझ्या पानांची सरासरी लांबी १०.८ सें.मी. आणि रुंदी ९ सें.मी. आली. मित्राच्या पानांची लांबी ३.४ सें.मी. आणि रुंदी ४.५ सें.मी. आली.

मी म्हणालो, “त्याची पानं कोवळी असतील. कोवळं पान ल्हान असणारच की!” गुरुजी म्हणाले, “शंका चांगली आहे. मग तुझ्याच फांदीच्या शेंड्याचं कोवळं पान मोज.” मी शोधून सर्वांत लहान पान काढले. लांबी ५.१ आणि रुंदी ४.३ भरली. मग गुरुजींनी लांबीला रुंदीने भागायला सांगितले. माझ्या मोठ्या पानांचा भागाकार १.२ आला होता. ह्या लहान पानाचाही जवळजवळ १.२ च आला! मित्राच्या पानांचा मात्र पाऊण आला. म्हणजे माझे पान लहान असो की मोठे, ते रुंदीपेक्षा लांबच. आणि त्याचे पान लांबीपेक्षा रुंद. मी गप्प झालो.

गुरुजींनी सांगितले, “लांबीपेक्षा रुंद, लहान पान, तो आपटा. तू आणलास तो देवकांचन. दोघे एकाच कुळातले, चुलत भाऊच म्हणा.” मित्राच्या दहांतले एक पान लांबी-रुंदीला जवळजवळ सारखे होते. तेवढे एकच मोजले असते तर आम्ही फसलो असतो. म्हणून एका पानावर विश्वास ठेवू नये, पुष्कळ मोजावीत.

साधा कांचन म्हणून तिसरा भाऊ आहे. त्याचेही पान रुंद असते, पण आपट्याहून बरेच मोठे. तिथे नुसता भागाकार पुरत नाही. फुले आली की पुंकेसर मोजावेत. आपट्याला १०, कांचनाला बहुधा ५ आणि देवकांचनाला बहुधा ३ असतात.

गुरुजींनी आणखी एक मौज सांगितली. ह्या झाडांच्या गटाचे शास्त्रीय नाव बौहिनिया. योहान आणि कास्पर बौहिन ह्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून ते ठेवले आहे. पान एक आणि त्याला दोन भाग, जसे एका घरातले दोन भाऊ. लिनिअसच्या १७५३ सालच्या ग्रंथात हे नाव आहे.

घरी आजीला सांगितले. ती म्हणाली, “मला इचारायचं हुतंस! आपट्याच्या सालीचं दोर वळायचो आम्ही. पानांच्या इड्या बी व्हत्यात.” मग तिने माझी पिशवी पाहिली आणि म्हणाली, “उगा झाड ओरबाडलंस.” ते मला फार लागले. त्या फांद्या आता परत जोडता येणार नाहीत.

दसऱ्याला संध्याकाळी मी वाडीवर गेलो. मित्राच्या आईवडिलांच्या पाया पडलो. माझ्याकडे द्यायला सोने नव्हते. मित्राने रुमाल सोडला, एक बारके पान माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, “घे चिल्लर.” आम्ही दोघेही हसलो. ते पान मी वहीत जपून ठेवले आहे.

पालकहो, पुढच्या दसऱ्याला पिशवीभर पाने आणू नका. पट्टी लावून ओळखलेले एक पान पुरे. आणि मित्रांनो, मोजल्याशिवाय कोणाच्या सोन्याला हसू नका.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी