हलवायाची गाडी

सकाळी कॅलिफोर्नियातल्या आठशे ऐंशी हायवेवर गाड्या खोळंबल्या की रेडिओवर हटकून जाहिरात लागते: गाडी दान करा. चालती असो की बंद पडलेली, आम्ही घरी येऊन फुकट ओढून नेऊ, तुमचा कर वाचेल आणि कुणा गरजूचं भलं होईल. चाल इतकी चिकट की संध्याकाळपर्यंत तोंडातून जात नाही. इतकी वर्षं मी ते निमूट ऐकून घेत आलो. राग आला तो परवा, मंडळातल्या एका तरुण मुलाचा फोन आल्यावर.

“काका, गाडी उचलून नेली हो लोनवाल्यांनी. पण अजून विकली नाहीये. मग ती दानच करून टाकली तर?”

नोकरी गेलेली, हप्ते थकलेले, आणि एका रात्री अपार्टमेंटच्या पार्किंगमधून टो ट्रक गाडी घेऊन गेलेला. त्याचा हिशेब सरळ होता. लिलाव होणारच आहे, तर त्याआधी एखाद्या संस्थेला सांगावं, त्यांनी ती यार्डातूनच न्यावी. संस्थेला गाडी मिळेल, आपल्याला करात सवलत. तिसरं कारण तो बोलला नाही, पण खरं तेच होतं. गणपतीत कुणी विचारलं, “गाडी दिसत नाही रे?”, तर ‘उचलून नेली’पेक्षा ‘दान केली’ म्हणणं सोपं. याबद्दल मी त्याला हसणार नाही. आपल्या लोकांत नोकरी गेल्याचं एक वेळ सांगतात, हप्ता थकल्याचं नाही.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ. इथे मात्र हलवाई स्वतः येऊन परात घेऊन गेला होता, आणि हा हातात तुळशीपत्र घेऊन त्याच्या गोदामाचा पत्ता विचारत होता. तरी तो अगदीच चूक होता असं नाही. पेढे उधारीचे होते, पण थोडे पैसे भरलेले होते. परात परत गेली तरी व्यवहार संपत नाही. हलवायाला ते पेढे परस्पर फस्त करता येत नाहीत. आधी नोटीस द्यायची, मग बाजाररीतीला धरून विकायचे, त्यातून आपली बाकी आणि परात वाहून नेल्याची मजुरी वळती करून घ्यायची. वर काही उरलं तर ते गिऱ्हाइकाचं, कमी पडलं तर फरकही गिऱ्हाइकानेच भरायचा. आणि पेढे विकले जाईपर्यंत सगळी बाकी खर्चासह चुकवून परात सोडवून नेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. युनिफॉर्म कमर्शियल कोडचं नववं आर्टिकल म्हणजे थोडक्यात हेच. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी ते स्वीकारलं आहे. त्यात पेढ्यांचा उल्लेख नाही इतकंच.

म्हणजे त्या मुलाचा गाडीत हक्क होता, पण तो सोडवून घेण्याचा. देऊन टाकण्याचा नव्हे. दान घेणाऱ्या संस्थेला लागते पिंक स्लिप. कॅलिफोर्नियात गाडीच्या मालकीचा कागद आता गुलाबी राहिलेला नाही, तरी सगळे त्याला पिंक स्लिपच म्हणतात. त्यावर मालकाच्या सहीखाली कर्ज देणाऱ्याच्या सहीची ओळ असते. ती कोरी असेल आणि कर्ज फिटल्याचं पत्रही नसेल, तर संस्था गाडीला हात लावत नाही. पुण्यातही आरसीवर एचपी चढलेली असली की फॉर्म ३५ आणि बँकेच्या एनओसीशिवाय आरटीओत कुणी उभं करत नाही, तसंच हे. वसुलीसाठी गुंड पाठवू नका असं आपल्या सुप्रीम कोर्टाला २००७ साली बँकांना बजावावं लागलं होतं. इथे गुंड नसतात; परवानाधारक माणूस येतो. तुम्ही समोर उभे राहून हरकत घेतलीत तर त्याने निघून जायचं असतं. म्हणून तो येतो रात्री.

आता समजा कर्जाची बाकी १४,००० डॉलर आहे आणि गाडी लिलावात ९,००० ला जाईल. दान करायचं तर आधी १४,००० आणि वर टोइंगचा खर्च भरून ती सोडवायची, मग संस्थेला द्यायची. संस्था ती बहुधा लिलावालाच पाठवणार. करात दाखवता येणार ते संस्थेला विकून आलेले ९,०००. पूर्वी असं नव्हतं. लोक किमतीच्या पुस्तकात बघून हवा तो आकडा लिहायचे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००३ साली ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश गाड्यांमागे संस्थेच्या हाती देणगीदाराने लिहिलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी पडलं होतं. त्यानंतर २००४ चा कायदा आला आणि ५०० डॉलरच्या वर वजावट हवी असेल तर सहसा विक्रीची रक्कम हीच मर्यादा ठरली. तीही खर्चांची तपशीलवार यादी जोडणाऱ्यांना. २०१७ च्या कायद्याने स्टँडर्ड डिडक्शन जवळजवळ दुप्पट झाल्यापासून अशी यादी फार थोडे जोडतात. भाड्याच्या घरात राहणारा, हप्ता थकलेला माणूस त्यांत कशाला असेल? गॅरेजमध्ये तिसरी गाडी गंजत पडलेल्यांना ही जाहिरात शोभते. ‘कर वाचेल’ हे मात्र ती हायवेवरच्या सगळ्यांनाच ऐकवते.

एवढं ऐकून तो गप्प झाला. मग मी त्याला दानाचं सोडून कामाचं सांगायला लागलो, आणि फोन लांबला तो तिथे. तुमच्याही कुणावर ही वेळ येऊ शकते, म्हणून लिहून ठेवतो.

कंपनीकडून येणारी विक्रीची नोटीस न फोडता ठेवायची नाही. कॅलिफोर्नियात नोटिशीनंतर किमान १५ दिवस गाडी विकता येत नाही, आणि लेखी मागितलं तर आणखी १० मिळतात. डीलरकडून हप्त्याने घेतलेली गाडी असेल तर बऱ्याचदा नुसते थकलेले हप्ते आणि खर्च भरून कर्ज पूर्ववत करता येतं, सगळी बाकी भरावी लागत नाही. तेव्हा तो आकडा कंपनीकडून आधी घ्यावा. नोटीस कायद्याप्रमाणे नसेल तर विक्रीनंतर कमी पडलेली रक्कम कंपनीला मागता येत नाही, म्हणून कागद जपायचा. गाडी सोडवायची तर पोलिसांकडे पंधरा डॉलर भरून पावती घ्यावी लागते. उचलणाऱ्याने गाडी नेल्याची वर्दी पोलिसांना दिलेली असते, तिची ही फी. गाडी नेली कुणी आणि फी भरायची कुणी, हे विचारायचं नाही.

आतलं सामान कर्जात धरलेलं नसतं. उचलणाऱ्या कंपनीने त्याची यादी करून ते निदान ६० दिवस सांभाळायचं असतं. याच्या डिकीत मंडळाचं मखर होतं, घडीचं, थर्माकोलचं. ते यादीत ‘पांढरा फोम, एक नग’ म्हणून उतरलं आहे. फास्टट्रॅकचा टॅग काचेवरून काढून आणायचा, नाहीतर पुढचा मालक बे ब्रिज ओलांडेल आणि टोल आपल्या खात्यातून जाईल. आणि कुणी ‘स्वतःहून चावी परत दे, रेकॉर्ड साफ राहील’ असं सांगितलं तर ऐकायचं नाही. उचलण्याचा खर्च वाचेल, पण क्रेडिट रिपोर्टवर तीही सात वर्षं दिसते.

लिलाव झाला की हिशेबाचं पत्र मागायचं: किती आले, किती वळते केले, काय उरलं. याच्या बाबतीत उरेल असं मला वाटत नाही. पण उरलंच तर तो चेक त्याच्या नावाने येईल आणि तो त्याने खुशाल दान करावा. आपलं मंडळही करमुक्त धर्मादाय संस्था आहे हे मी त्याच्या कानावर घातलं आहे. यंदा खजिनदार मीच आहे.