थोरली जुनी की धाकटी नवी?

मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आयुष्यात मोठे व्यवहार तीन: घर घेणे, मुलांची लग्ने करणे आणि मोटार विकत घेणे. पहिल्या दोहोंत वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारला जातो. तिसऱ्यात मात्र घरातील धाकटी मंडळीच अधिक जाणती ठरतात. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा आम्हांस म्हणूनच बराच वेळ श्रोत्याची भूमिका पत्करावी लागली.

प्रश्न दिसावयास सोपा होता. 2018 साली नोंदलेली, सात आसनांची, डिझेलवर चालणारी एक भरभक्कम एसयूव्ही साडेआठ लाखांस मिळत होती. दुसरीकडे, पाच आसनांची, पेट्रोलवर चालणारी लहान नवी मोटार सव्वासहा लाखांत दाराशी येत होती. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर उतरल्यामुळे धाकटीची किंमत आमच्या आवाक्यात आली होती.

चिरंजीव थोरलीचे वकील झाले. "बाबा, एवढ्या पैशांत एवढे लोखंड पुन्हा मिळायचे नाही," हे त्यांचे पहिले वाक्य. नंतर त्यांनी विम्याचे कोष्टक पुढे केले. नव्या मोटारीची किंमत सहा महिने उलटताच त्या कोष्टकात 15 टक्के कमी धरली जाते आणि चार वर्षे उलटल्यावर निम्मी. थोरलीचा हा उतार तिच्या पहिल्या धन्याने सोसलेला होता. आपण तो का सोसावा? हा मुद्दा बिनतोड होता, हे आम्ही मान्य केले.

परंतु त्याच विम्याच्या व्यवहारात आणखी एक मार्मिक नियम आहे. वर्षभर भरपाई न मागणाऱ्या मालकास पुढील हप्त्यात सूट मिळते. ती 20 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. गाडी विकली तरी तो ती आपल्या नव्या गाडीसाठी घेऊन जातो. म्हणजे पुण्य विकणाऱ्याबरोबर जाते, आणि खड्ड्यांतून बसलेले धक्के तेवढे घेणाऱ्याच्या पदरी राहतात! आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने थोरलीच्या टायरांवरील चार अंक वाचून दाखविले: 2318. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. अर्थात 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात घडलेले ते टायर गाडीबरोबरच म्हातारे झाले होते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची; तेव्हा 2033 साली पुन्हा तपासणीचे प्रकरण उभे राहणार, हेही त्याने सांगितले.

मग सुरक्षिततेचा विषय निघाला आणि चिरंजीवांनी न्यूटनला साक्षीस बोलाविले. जड आणि हलकी गाडी समोरासमोर आदळली असता हलकीच्या वेगात अधिक मोठा बदल होतो, म्हणून धक्का तिच्यातील माणसांस जास्त बसतो. साक्ष खरी होती. तरी आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही की, त्या हलक्या गाडीतही कोणाची तरी आई बसलेली असावयाची. आपली निर्भयता जर समोरच्याच्या खर्चाने येत असेल, तर तिचा हिशेब केवळ आपल्याच वहीत मांडून भागत नाही.

यानंतर आम्ही दिवस मोजले. वस्तू घेताना मनुष्य बहुधा आपल्या थाटाच्या दिवसांकडे पाहतो. वापरावी लागते ती मात्र रोजच्या दिवसांत. ताम्हिणी घाटाने कोकणातील गावी जाणे वर्षातून एकदा, गणपतीस. जाऊन येऊन सहा दिवस. उरलेले 359 दिवस गाडीने महाविद्यालय, मंडई, दवाखाना आणि आमच्या इमारतीचे चिंचोळे वाहनतळ यांतच फिरावयाचे. इतक्यावर निकाल लागावयास हरकत नव्हती.

तो लागला नाही, कारण त्या सहा दिवसांस आमच्या मातुःश्रींच्या लेखी निराळी किंमत आहे. त्यांचे वय ब्याऐंशी. आम्ही दोघे, मातुःश्री, चिरंजीव, सूनबाई आणि नात अशी सहा माणसे. धाकटीत पाचच बसणार. वाटेत प्रत्येक वळणावर नातीने "पणजी, हे कोणते गाव?" असे विचारावे आणि आजोळच्या, सासरच्या गोष्टी निघाव्यात, हा त्यांचा वर्षाचा सण. एकास एस्टीने पाठविले तर तो सण भंगतो. अंकगणित येथे अडले.

तोड गृहिणीने काढली. सहा दिवसांपुरती मोठी गाडी चालकासह भाड्याने घ्यावी. एरवी धाकटी पुरे. "भाड्याची गाडी म्हणजे काय आपली?" असे चिरंजीव कुरकुरले. यावर आतापर्यंत जपमाळ ओढीत बसलेल्या मातुःश्री म्हणाल्या, "गावाला माणसं जातात रे. गाडी कुणाची का असेना! आणि तुझ्या त्या माडीवर चढायला मला जिना कोण लावणार?" थोरलीची पायरी त्यांच्या गुडघ्यांस किती उंच आहे, हे आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. कोष्टके चाळणाऱ्यांनी ते माणूस विचारलेच नव्हते.

धाकटी ठरली. वाचलेले सव्वादोन लाख वेगळे ठेवले आहेत. त्यांतून दरवर्षीचे गाडीभाडे जाईल आणि मातुःश्रींच्या गुडघ्यांचे औषधपाणीही होईल. रस्त्यात मोठी गाडी दिसली की चिरंजीव अजून मान वळवून पाहतात. त्यांची समजूत पटली आहे असे आम्ही म्हणणार नाही. येत्या गणपतीस मात्र सहाही जणांनी एकाच गाडीतून जावयाचे, एवढे नक्की झाले आहे.