पेंढा कोणाचा?

मेघालयातील सोहरा, म्हणजेच पूर्वीचे चेरापुंजी, येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १८६० च्या ऑगस्टपासून पुढच्या बारा महिन्यांत तर तेथे २६ मीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. आणि याच सोहऱ्यात हिवाळा सरता सरता घराघरांतल्या बायका पाण्यासाठी दूरच्या झऱ्यांची वाट धरतात. ‘ओले वाळवंट’ हे नाव या गावाला उगाच मिळालेले नाही. पठारावरची झाडी गेली, पावसाने माती धुऊन नेली, खडक उघडा पडला; आणि पाणी धरून ठेवण्याचे काम खडकाला जमत नाही.

ईशान्येच्या डोंगरउतारांवर शेती करणाऱ्या प्रत्येकासाठी सोहरा हा एक इशारा आहे. तेथील शेतकऱ्याला पाऊस हवा असतो, पण त्याच पावसापासून माती वाचवायचीही असते.

माती वाहून जाते ती उतारावरून धावणाऱ्या पाण्यामुळे, असा सर्वसाधारण समज. पण नासाडीची सुरुवात त्याआधीच, थेंब जमिनीवर आदळतो त्या क्षणी झालेली असते. पाच मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे वजन सुमारे ६५ मिलिग्रॅम. हवेचा विरोध आणि वजन यांचा तोल साधला की तो सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. म्हणजे त्याची गतिज ऊर्जा सुमारे २.६ मिलिज्यूल. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण अर्धा मीटर वर उचलायला जी ऊर्जा लागते, तिच्या ती साडेतीन लाख पटींहून अधिक आहे. त्यातला एक टक्का जरी कामी आला, तरी एकच थेंब तीन हजारांहून अधिक कण उधळू शकतो. सुटलेली बारीक माती छिद्रांत बसते, पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि आत मुरणारे पाणी उतारावरून वाहू लागते.

अमेरिकेत हिमकणांची छायाचित्रे टिपणारे विल्सन बेंटली यांनी १९०४ मध्ये थेंबांचा आकार मोजण्यासाठी एक साधी युक्ती वापरली. बारीक पिठाने भरलेले तबक पावसात क्षणभर धरायचे. थेंबागणिक पिठाची एक गोळी तयार होते. विद्यार्थ्यांनी येत्या पावसाळ्यात हा प्रयोग जरूर करावा. नंतर दुसऱ्या तबकावर मूठभर गवत पसरून तेच पुन्हा करावे. आच्छादन म्हणजे काय, हे त्या दोन तबकांतील फरकावरून कळते.

पेंढ्यावर आपटलेला थेंब फुटतो. तेथून पाणी पाच सेंटिमीटर खाली ठिबकले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. वेग नऊ पटींनी घटला, म्हणजे तेवढ्याच पाण्याची ऊर्जा सुमारे ऐंशी पटींनी घटली. जंगलाचे रहस्यही येथेच आहे. उंच झाडांच्या पानांवर पाणी साचून मोठे थेंब बनतात आणि आठ-दहा मीटरांवरून पडताना ते पुन्हा भरपूर वेग घेतात. म्हणून जंगलात मातीला खरे संरक्षण देतो तो तळाशी साचलेला पालापाचोळा.

खासी डोंगरांतील ‘बुन’ पद्धतीत उतारावर वाफे करताना वाळलेला पाला मातीखाली रचून जाळतात. राखेमुळे आम्लधर्मी जमिनीला खत मिळते, पीकही येते. पण पावसाला थोपवणारे पांघरूण जळून जाते. झूम शेतीतही राखेचाच आधार. पूर्वी जमिनीला दीर्घ विश्रांती मिळून जंगल परतत असे. आता अनेक ठिकाणी हे चक्र चार-पाच वर्षांवर आले आहे. तेवढ्यात झुडपे वाढतात, जंगल नाही.

उमियम येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संकुलात यावर वेगळ्या वाटेने काम झाले आहे. भात कापल्यावर शेत नांगरायचे नाही. धसकटे उभी ठेवून, ओल टिकून आहे तोवर वाटाणा किंवा मसूर पेरायचा. मक्यानंतर तोरिया मोहरी घ्यायची आणि मक्याची धाटे व तण जमिनीवर पसरून ठेवायचे. ऑक्टोबरनंतर या भागात पाऊस फारसा पडत नाही. नांगरट केली की ओली माती उघडी पडते, वाफसा उडून जातो आणि शेत पुढच्या पावसापर्यंत पडीक राहते.

नांगर न चालवण्याला भौतिकशास्त्राचाही आधार आहे. संथ प्रवाहात नळीतून वाहणारे पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्रिज्या दहापट, तर प्रवाह दहा हजारपट. गांडुळाचे एक बीळ किंवा कुजलेल्या मुळाची एक पोकळी असंख्य सूक्ष्म छिद्रांचे काम करते. नांगराचा फाळ या नळ्या वरून तोडून टाकतो. मात्र नांगरणी थांबवून जमीन उघडीच ठेवली, तर पापुद्रा धरतो आणि पाणी पूर्वीपेक्षाही जास्त वाहू शकते. शून्य मशागत आणि आच्छादन यांची जोडी फोडून चालत नाही.

आणि हे पांघरूण फुकट मिळत नाही. नांगर थांबला की तण वाढते. तणनाशक वापरले तर त्याचे प्रश्न वेगळे. सिक्कीमसारख्या सेंद्रिय राज्यात तर तो पर्यायच नाही. मग खुरपे हाती येते, आणि ते बहुधा बाईच्याच हाती येते. पेंढा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतील नत्र स्वतःच वापरतात. वर पसरला तर हा त्रास कमी, पण टळत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न गुरांचा आहे. भाताची कापणी झाली की अनेक गावांत गुरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. नोव्हेंबरमध्ये तोच पेंढा मातीला हवा असतो आणि गाईलाही. एखाद्या शेतकरणीने तो शेतात पसरला, त्यातून वाटाण्याचे कोंब वर आले, तरी शेजारची गाय एका सकाळी दोन्ही संपवू शकते. कुंपणाचा खर्च तिला झेपत नाही. गुरे किती दिवस बांधायची आणि तोवर त्यांना काय घालायचे, हे तिला एकटीला ठरवताही येत नाही. ते ठरते खासी गावाच्या सभेत, ‘दोरबार श्नोंग’मध्ये. त्या सभेत बोलण्याचा अधिकार मात्र परंपरेने पुरुषांकडे राहिला आहे.